मोठ्या बाईंचा तास

शाळेत मुख्याध्यापिका झालं की ‘बाई’च्या आधी ‘मोठ्या’ लागतं आणि हातचा वर्ग जातो, हे आधी कोणी सांगत नाही. अभिनंदन मात्र सगळे करतात. मोठ्या बाईंचंही झालं होतं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, गोल फिरणारी खुर्ची मिळाली. दुसऱ्या दिवशी पहिली घंटा झाली तशा त्या सवयीने खडू घेऊन उठल्या, तरातरा निम्म्या व्हरांड्यापर्यंत गेल्या, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जायला वर्गच नाही. कोणी बघितलं तर काय म्हणेल, म्हणून त्यांनी उगाच एका खिडकीची कडी लावून पाहिली आणि त्या परत फिरल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गळणारं छत, रुसलेले शिक्षक, तावातावाने आलेले पालक, आजच्या आज भरून हवी असलेली माहिती, या सगळ्याला बाई पुरून उरल्या. खमक्या आहेत, असं लोक म्हणत. पण भूगोलाच्या तासाची आठवण काही पाठ सोडेना. शाळेतून फेरी मारताना एखाद्या वर्गाच्या दाराशी त्यांचे पाय थबकायचे. आतली शिक्षिका ताठ व्हायची, मुलं चिडीचूप व्हायची, आणि सगळ्यांना वाटायचं, बाई तपासायला आल्या. तपासतात कसल्या! लहान मूल बेकरीच्या काचेपाशी उभं राहतं तशा त्या उभ्या असायच्या. एवढ्या खुर्चीत बसून असं हळहळणं बरं दिसत नाही, म्हणून त्या कोणापाशी बोलल्या नाहीत.

यंदा भूगोलाचे सर दुसऱ्या शहरातल्या शाळेत गेले आणि त्यांच्या जागी माणूस मिळेना. बाईंनी तोंडावर काळजी आणली आणि पोटातला आनंद पोटातच ठेवून त्या उपमुख्याध्यापकांच्या टेबलापाशी गेल्या. वेळापत्रक तेच लावत. घंटा होण्याआधीच त्यांचं मनगट वर यायचं, म्हणून मुलांनी त्यांचं नाव घड्याळ सर ठेवलं होतं. हळूहळू शिक्षकही तेच म्हणू लागले. सरांना ते माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं ते वागत.

“सातवीचा भूगोल मी घेते,” बाई म्हणाल्या.

सरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्हाला डोकं खाजवायला फुरसत नाही.”

“एकच तास हो. तिसरा.”

“तिसऱ्या तासाला अख्खं जग तुमच्या दारात असतं.”

“असू दे. थांबेल.”

“तुम्ही थांबवणार? परवा शिक्षकांची बैठक सोडून तुम्ही कोणाच्या तरी आजोबांना गुडघ्यांवरचा व्यायाम सांगत होतात.”

“त्यांना फार दुखत होतं.”

सर हसले, पण लगेच सावरून बसले. “ठीक आहे. लावतो तुमचं नाव. पण एक सांगून ठेवतो. शिक्षक आला नाही तर मॉनिटरने लगेच येऊन सांगायचं, हा नियम तुम्हीच केलात. एकही वर्ग वाऱ्यावर राहता कामा नये, हेही तुमचंच. तुमचा तास रिकामा जातोय असं माझ्या कानावर आलं, तर मी तो काढून घेणार. मग तुम्ही मोठ्या असा नाहीतर छोट्या.”

“काढून घ्या,” बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांना ते फार सोपं वाटलं.

दाराशी सातवीची मॉनिटर खडूंचा डबा न्यायला आली होती. दोन वेण्या, कपाळावर कायमची आठी, पुढे कुठल्या तरी खात्याची साहेबीण होणार हे आत्ताच दिसावं अशी मुलगी. तिने सगळं ऐकलं आणि डबा उचलून ती निघून गेली.

पहिल्या दिवशी तासाला बाई घरून बटाटे आणि सुरी घेऊन गेल्या. मुलांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी बटाटा उभा अर्धा केला, एक अर्धुक टेबलावर पालथं घातलं आणि म्हणाल्या, “हा आपला डोंगर. आता याला आडवा कापू या.” एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. मोठीच्या आत मधली, मधलीच्या आत लहान. मुलं खाली वाकली, एकमेकांच्या डोक्यांवर डोकी आली, आणि पाठीमागच्या बाकावरून एक बारीक, टोकदार आवाज आला. “बाई, जिथे रेघा जवळजवळ आल्यात तिथे चढताना धाप लागणार!”

ही टाचणी. अंगाने तशीच आणि बोलायलाही तशीच. बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. वर्षानुवर्षं फायलींवर सह्या करून जे मिळालं नव्हतं ते त्या एका वाक्याने मिळालं. त्या रात्री जेवताना त्या नवऱ्याला चकत्यांचं तिसऱ्यांदा सांगू लागल्या, तेव्हा तो म्हणाला, “भाजीत बटाटे का नाहीत ते कळलं मला.” त्याचं औषधांचं दुकान होतं आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तो घरी फक्त चेष्टा करायला यायचा.

तो आठवडा बाई हवेत होत्या. पुढच्या आठवड्यात जग दारात येऊन उभं राहिलं.

आधी दोन पालकांचं भांडण आलं. मग संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, आणि अध्यक्ष एकदा बोलायला लागले की दुसऱ्याने फक्त हुंकार भरायचे असतात. त्या फोनवर असतानाच मॉनिटर दारात येऊन उभी राहिली. “सर, आमच्या वर्गावर कोणी नाही.” घड्याळ सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फोन कानाला धरूनच हात जोडले. सर स्वतः वर्गावर गेले आणि जाताना मॉनिटरच्या देखत म्हणाले, “ही पहिली वेळ म्हणून सोडतो. पुन्हा झालं तर तास गेला.”

पुन्हा झालं. एकदा शिक्षिका रडत आली, वर्गातली निम्मी मुलं ऐकत नाहीत म्हणून. तिला तशीच सोडून कसं जाणार? एकदा बाई वर्गात पोचल्या, नदी डोंगरावरून खाली आणली, आणि शिपाई बोलवायला आला. “उरलेली नदी उद्या,” असं म्हणून त्या पळाल्या. उद्या काही ती नदी समुद्राला मिळाली नाही. जमेल तेव्हा त्या जात, आणि गेल्या की वर्ग त्यांच्याकडे असा बघायचा की बाईंना वाटायचं, हेच आपलं घर. पण जमायचं कमी आणि राहायचं जास्त.

नवल म्हणजे मॉनिटर पुन्हा कधी आली नाही. बाईंनी समजूत करून घेतली की घड्याळ सर मनाने चांगले आहेत, न बोलता कोणाला तरी पाठवत असतील. सरांना सरळ विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे विषय निघणार, आणि विषय निघाला की तास जाणार. म्हणून खमक्या बाई मूग गिळून बसल्या. आणि सर? सातवीवरून जाताना त्यांना आतून चूं की चां ऐकू यायचं नाही. एवढी शांतता बाईंशिवाय कोणाला जमणार, असं म्हणून ते पुढे जात. एकदा तर त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सुनावलं, की वर्ग कसा सांभाळावा ते जरा सातवीत जाऊन बघा.

असेच दिवस गेले, आणि शाळेत पाहुणे आले.

मुलांच्या मनाची काळजी शाळा कशी घेते, हे बघायला ते आले होते. बाईंच्या शाळेचं या बाबतीत नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं. समुपदेशक ताई होत्या, त्यांना वेगळी खोली होती, तिथे मऊ गाद्या होत्या आणि कोणालाही केव्हाही जायची मुभा होती. तिसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा बाई पाहुण्यांना हेच सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या बोलत राहिल्या. मग सगळे फेरीला निघाले. सातवीचं दार बंद होतं. आतून आवाज नाही.

“वा!” पाहुण्यांमधले एक गृहस्थ म्हणाले. “काय शिस्त आहे!”

बाईंचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. पण त्यांना स्वतःचा भरवसा वाटेना. एकदा दार उघडलं, ती तोंडं दिसली, की आपला पाय तिथून निघणार नाही, आणि इथे पाहुणे ताटकळतील. आज कोण आलं असेल आत? गणिताच्या बाई? त्यांना त्या न बघितलेल्या बाईंचा हेवा वाटला. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, “चला, आमची ग्रंथालयाची खोली बघू या.”

पाहुणे जाईपर्यंत चौथा तास संपत आला होता. त्यांना फाटकाशी सोडून बाई वळतात तोच चित्रकलेचे सर धापा टाकत आले. “मोठ्या बाई, लवकर चला. ताईंच्या खोलीत. सातवीची मुलगी आहे, मी वर्गावर गेलो तेव्हा खाली पडलेली होती.”

गादीवर टाचणी पडली होती. चेहरा पांढराफटक, केस घामाने कपाळाला चिकटलेले. समुपदेशक ताई तिच्या पाठीवरून संथ हात फिरवत होत्या. बाहेर व्हरांड्यात मॉनिटर भिंतीला टेकून उभी होती आणि आवाज न करता रडत होती.

“जिवाला धोका नाही,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “डॉक्टर येऊन बघून गेले. भीतीचा झटका आला होता. छाती भरून आली, श्वास अडकतोय असं वाटलं, हातपाय गार पडले. घरी आईवडिलांचं बिनसलंय, तिला मावशीकडे ठेवायचं चाललंय, आणि का ते तिला कोणी धड सांगितलेलं नाही. आज सकाळीच बॅग भरलेली दिसली तिला.” ताईंनी आवाज आणखी खाली आणला. “बाई, हे तिसऱ्या तासाला सुरू झालं. संपूर्ण तास ती तशीच होती.”

“आणि वर्गावर कोण होतं?”

ताईंनी दाराबाहेर बघितलं.

बाई बाहेर आल्या. मॉनिटरने डोळे पुसले आणि ती सरळ उभी राहिली, शिक्षा घ्यायला उभं राहतात तशी.

“कोणीच नव्हतं?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई.”

“मग तू सांगायला का नाही आलीस?”

“आले असते तर तुमचा तास गेला असता.” मुलीने नाक ओढलं. “सर म्हणाले होते ना. मग मी वर्गात सांगितलं. सगळ्यांनी ठरवलं की बाई आल्या नाहीत तर कोणी बोलायचं नाही. आवाज आला की सर येतील. आम्ही दार लावून घेतो. कोणाला शिंक आली तर तो दप्तरात तोंड घालतो.”

“रोज?”

“तुम्ही येत नाही तेव्हा.”

बाईंनी तिचे खांदे धरले. “आणि आज?”

“आज ती अशी करायला लागली. आम्ही तिला खाली निजवलं, डोक्याखाली दप्तर दिलं. दोघींनी हात धरले. नकाशाच्या पुस्तकाने वारा घातला. मी म्हटलं, सरांना बोलावते, तर तीच मानेने नाही नाही करत होती.” मुलीला पुन्हा हुंदका आला. “मग तुम्ही आलात. तुमचा आवाज आला दाराशी. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तुमच्याबरोबर कोणीतरी होतं. मग आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरला. तिनेसुद्धा.”

बाईंनी तिला जवळ घेतलं.  व्याख्यानांमधून त्या सांगत आल्या होत्या की मुलांनी मोकळं बोलावं. आणि इथे एका आख्ख्या वर्गाने त्यांच्या प्रेमापोटी तोंड बंद करून घेतलं होतं, आणि बाहेरून ती शांतता ऐकून त्यांना हेवा वाटला होता. शरमेने त्यांचे कान तापले. त्यांना स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

टाचणीची आई आली. बाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. “चूक माझी आहे. तासाला मी हवी होते आणि मी नव्हते,” असं त्यांनी सरळ सांगितलं. आई भांडली नाही. ती लेकीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, “मी तरी कुठे काय सांगितलं होतं तिला.” मग त्या दोघींनी आणि ताईंनी टाचणीशी पुढे काय आणि कसं बोलायचं ते ठरवलं.

घड्याळ सरांकडे बाई स्वतः गेल्या. सर ओरडतील असं त्यांना वाटलं होतं, ओरडले असते तर बरंही वाटलं असतं. पण सरांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. “मी रोज त्या दारावरून गेलोय,” ते म्हणाले. “आणि स्टाफरूममध्ये कौतुक केलं. तास मी काढत नाही, बाई. तुमचं तुम्ही बघा.”

संध्याकाळी नवऱ्याने दुकानातून आल्या आल्या तोंड बघितलं आणि चेष्टा केली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “यापुढे रोज जाशील?”

“जाईन.”

“नक्की? कोणी रडत आलं तरी? अध्यक्षांचा फोन आला तरी?”

 समोर नवरा नसता तर त्या खोटं बोलल्या असत्या. “नाही जमणार,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. “पण मला तो वर्ग हवाय रे. मला दुसरं काही नकोय.”

तो शेजारी येऊन बसला. त्यालाही यावर औषध माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रंथालय सांभाळणाऱ्या तरुण शिक्षिकेला बोलावून घेतलं. मुलगी भूगोलच शिकलेली होती, वर्गावर उभी राहायला घाबरायची म्हणून पुस्तकांत लपून बसली होती. “मला जमेल का?” तिने विचारलं. “तू वेळेवर जाशील. सुरुवातीला तेवढं पुरे,” बाई म्हणाल्या. अध्यक्षांना त्यांनी कळवलं की भूगोलाची जागा भरल्याशिवाय दुसरं कुठलंही काम माझ्याकडून होणार नाही. मग तिसऱ्या तासाची घंटा झाली आणि त्या सातवीवर गेल्या.

वर्ग उठून उभा राहिला. टाचणी पहिल्या बाकावर होती, मॉनिटरच्या शेजारी. सगळ्यांची तोंडं उतरलेली. आता शिक्षा होणार हे त्यांनी धरून चाललेलं होतं.

बाईंनी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. “बसा,” त्या म्हणाल्या. “तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे. मला तुम्हाला शिकवायची इतकी हौस होती की मी येते की नाही हे मी बघितलंच नाही. तुम्ही मला सांभाळून घेतलंत. पण मोठ्या माणसांना सांभाळणं हे तुमचं काम नाही. आजपासून तुमचा भूगोल ग्रंथालयाच्या बाई घेतील. त्या रोज येतील. कधी नाही आल्या तर मॉनिटरने पळत यायचं. आणि कोणाला काही झालं तर आधी ओरडायचं, मग विचार करायचा.”

 आता कोणीतरी म्हणेल, नको ना बाई. त्याची तयारी करूनच त्या आल्या होत्या. मुलं रडली तर आपण रडायचं नाही, त्यांची समजूत काढायची, असं त्यांनी मनाशी घोकलं होतं.

कोणी म्हणालं नाही. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या, आणि त्यांना दिसलं की खांदे खाली येत होते. आवळलेल्या मुठी सुटत होत्या. कोणीतरी पाय लांब केले. वर्गाचा जीव भांड्यात पडला होता. ही मुलं त्यांच्यावर जीव टाकत होती यात शंका नव्हती, आणि त्यांच्यापासून सुटका झाली म्हणून त्यांना हायसं वाटत होतं यातही नव्हती. एखादा तरी रडायला हवा होता, असं बाईंना वाटून गेलं. अगदी एखादा.

टाचणीने हात वर केला. “बाई, म्हणजे आता आम्ही आवाज केला तर चालेल?”

“चालेल की.”

“जोरात?”

“जेवढा जमेल तेवढा,” बाई म्हणाल्या.  नवीन बाई दारात उभी होती, हातात भूगोलाचं पुस्तक घट्ट धरून. मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला आत सोडलं आणि त्या बाहेर पडल्या.

त्या जिन्यापर्यंत पोचल्या नसतील, तोच मागून गलका उठला. बाक सरकले, कोणीतरी खिंकाळलं, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने बोंब मारली, आणि त्यात नव्या बाईंचा “अरे, अरे, ऐका!” असा केविलवाणा आवाज बुडून गेला. घड्याळ सर खालच्या ऑफिसातून तीरासारखे वर आले.

“काय चाललंय काय सातवीत? बघतोच मी.”

बाईंनी त्यांचा दंड धरला. “राहू द्या, सर.”

“अहो, पण केवढा आरडाओरडा हा!”

“करू द्या. ती शिकेल हळूहळू.”

दोघं जिन्याशी उभे राहिले. त्या गोंधळात टाचणीचा बारीक आवाज सगळ्यांच्या वर चढला होता. ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिला उत्तर हवं होतं. बाईंना उत्तर येत होतं. तिकडे ऑफिसात फोन वाजायला लागला. सरांनी मनगट वर केलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि वेळ न सांगताच हात खाली घेतला. “मी घेतो फोन,” ते म्हणाले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या स्वतः फोन घ्यायला खाली उतरल्या.